उरले बावीस तास

भूम तालुक्यातलं ईट. बैठकीच्या खोलीत दोन फुटी काचेची टाकी, तिच्यात ५० लिटर पाणी आणि पाच गोल्डफिश. तीन वर्षं आम्ही दर रविवारी दोन बादल्या पाणी काढायचो आणि रात्रभर उघडं ठेवलेलं तेवढंच पाणी परत घालायचो. तीन वर्षांत एकही मासा गेला नव्हता.

हरतालिका, सकाळी ८. उरले २२ तास.
दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. आई म्हणाली, "पाणी पिवळं दिसायलंय रे. बदलूनच टाक सगळं." मलाही पटलं. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या घरोघरच्या ओळखीच्या. डेअरीवर फॅट पाहिल्याशिवाय दुधाचा भाव ठरत नाही, नुसतं पांढरं दिसतं म्हणून कुणी दूध घेत नाही. पाण्याचा निवाडा मात्र मी डोळ्यांनी केला.

८.४०.
मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली. फिल्टरचा स्पंज काळपट चिकट झाला होता. तो नळाच्या धारेखाली चोळून चोळून पांढरा होईपर्यंत धुतला.

खरी चूक ही. तो चिकटपणा म्हणजे घाण नव्हती, वस्ती होती. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. स्पंजवरच्या जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट. ही वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती पाच मिनिटांत धुऊन काढली. टाकीतल्याच जुन्या पाण्यात स्पंज हलका पिळला असता तरी पुरलं असतं.

९.३०. उरले साडेवीस तास.
नळाला पाणी आलं होतं. पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरची मात्रा वाढवतात, आणि तेच योग्य. शेवटच्या घराच्या नळालाही किमान ०.२ पीपीएम क्लोरीन उरलाच पाहिजे, नाहीतर गावात कावीळ-गॅस्ट्रो पसरायला वेळ लागत नाही. पण आपण पाणी पितो, मासा त्याच पाण्यातून श्वास घेतो. तेवढ्या क्लोरीनने त्याचे कल्ले भाजतात. पाइप थेट टाकीत सोडला, उरलेलं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरलं. टाकी आरशासारखी लखलखत होती. मासे सोडले.

११ वाजता.
पाचही मासे भराभर फिरायला लागले, मधूनच काचेला अंग घासायचे. नवं पाणी मानवलं, असं मला वाटलं.

दुपारी ३. उरले १५ तास.
दोघे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे. टाकीखालच्या कपाटात अँटीक्लोरीनची बाटली होती, आजवर कधी लागलीच नव्हती. ती क्लोरीन लगेच मारते. त्या क्षणी ती मापाने टाकली असती तरी क्लोरीनचं पुढचं नुकसान थांबलं असतं. मी मखराला पताका लावत होतो.

रात्री ८.
पाहुण्यांची पोरं आली. प्रत्येकाने चिमूटभर खाणं टाकलं. ते तळाशी बसलं, कुजायला लागलं. अमोनिया वाढत होता आणि तो पचवणारं टाकीत कुणी उरलं नव्हतं. त्यात आमच्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, त्याचा पीएच आठच्या घरात. पीएच ७ असेल तर अमोनियाचा विषारी वाटा शंभरात एकही भरत नाही. ८ झाला की तोच पाचापर्यंत जातो.

पहाटे १.२०. उरले पावणेपाच तास.
वीज गेली. पंपाची घरघर थांबली, बुडबुडे थांबले. भाजलेल्या कल्ल्यांना आता प्राणवायूही कमी पडू लागला. अंधारात कुणाला काही कळलं नाही.

चतुर्थी, सकाळी ६.
आई फुलं घेऊन बैठकीत आली आणि तिथेच थांबली. पाचही मासे उताणे तरंगत होते. पाणी तसंच नितळ.

सकाळी ९.
जलसुरक्षक नेहमीप्रमाणे नळाचं पाणी तपासायला आले. त्यांना ड्रममधलं पाणी दिलं. त्यांनी नळीत क्लोरीन दाखवणाऱ्या ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले, पाणी क्षणात पिवळं झालं. "क्लोरीन आहे की व्यवस्थित," ते म्हणाले. माणसांसाठी पाणी अगदी योग्य होतं.

ही तपासणी आदल्या सकाळी मागितली असती, तर कुणी नाही म्हटलं नसतं. सणासाठी टाकी धुणार असाल, तर एकावेळी पाव भागच पाणी बदला, स्पंज जुन्याच पाण्यात पिळा, आणि नळाचं पाणी ओटी लावून पाहिल्याशिवाय माशांवर ओतू नका.