घरांत उतरलेली वीज



घरांतला एखादा कोपरा अडवून तेथें सतत कांहीं तरी खटपट करीत बसणारा मनुष्य पुष्कळ कुटुंबांत आढळतो. त्याची पक्कड, त्याची कानस, तारांचीं वेटोळीं, उघडून ठेवलेलीं यंत्रें, हा सारा घरच्या मंडळींना पसारा वाटतो. त्याला मात्र तें आपलें राज्य वाटतें. अठराव्या शतकांतील विद्युच्छास्त्राचा मोठा भाग अशाच कोपऱ्यांतून वाढला. विजेचे कित्येक प्रयोग राहत्या घरीं, जिन्यावर, दिवाणखान्यांत होत असत. साहजिकच जे अपघात झाले, आणि जे होतां होतां टळले, तेही घरांतच, बायकामुलांच्या व पाहुण्यांच्या देखत. त्यांपैकीं दोन-तीन घरांची हकीकत आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

पहिलें घर फिलाडेल्फिया येथील बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकाचें. १७४५-४६ च्या सुमारास युरोपांत लेडन-पात्राचा शोध लागला होता. हें पात्र म्हणजे आंतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली कांचेची बरणी. घर्षणयंत्रानें निर्माण केलेली वीज तींत सांठवितां येते. तिचें आंतलें व बाहेरचें अंग एकाच वेळीं जोडलें गेलें कीं सांठलेली वीज एका क्षणांत मोकळी होते. फ्रँकलिनला अशा पात्रांचें वेडच लागलें होतें. विजेनें मारलेल्या पक्ष्याचें मांस विशेष कोंवळें लागतें, असेंही त्याचें मत होतें.

१७५० सालच्या डिसेंबरची २३ तारीख. नाताळ दोन दिवसांवर आलेला. टर्की पक्षी विजेनें मारून दाखविण्याचा बेत होता आणि पाहावयास मंडळी जमली होती. दोन मोठीं पात्रें भरून तयार होतीं. तेवढ्यांत नेहमींच्या चाळीस बाटल्यांइतकी वीज मावत असे. मंडळी आपापसांत व त्याच्याशींही गप्पा मारीत होती. बोलण्याच्या ओघांत फ्रँकलिनचा एक हात पात्रांच्या वरच्या तारांना लागला. दुसऱ्या हातांत पात्रांच्या बाहेरच्या अंगाला जोडलेली सांखळी होती. पक्ष्यासाठीं ठेवलेला सारा संचय गृहस्थाच्या दोन्ही बाहूंतून आरपार गेला. पाहणाऱ्यांनीं पिस्तुलासारखा आवाज ऐकला व मोठा लखलखाट पाहिला. त्याला स्वतःला कांहीं दिसलें नाहीं, कांहीं ऐकूं आलें नाहीं. अंग थरथरूं लागलें. दंडांत व मानेच्या मागच्या बाजूस आलेला बधिरपणा दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत राहिला, आणि छातीचें हाड पुढेंही दुखत होतें.

दोन्ही हातांतून गेलेली वीज छातीवरून, म्हणजे हृदयाच्या अगदीं शेजारून जाते, हें आज आपण जाणतों. विजेचें काम करणारे जुने कारागीर एक हात खिशांत घालून काम करावें असें सांगत, त्याचें कारण हेंच.

तथापि या प्रसंगांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आणखी दोन दिवसांनीं घडली. २५ डिसेंबरला फ्रँकलिननें बोस्टनला पत्र लिहून ही सारी हकीकत कळविली. तेथें असे प्रयोग करणारे बोडन नांवाचे गृहस्थ होते. सावधगिरी म्हणून त्यांना हें सांगावें, पण त्यापलीकडे बोभाटा होऊं देऊं नये, कारण इतकी ढोबळ चूक आपल्या हातून झाली याची लाज वाटते, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. लाज वाटत होती तरी ज्याला धोका होता त्याच्यापासून गोष्ट लपविली नाहीं.

मीं लपविली होती. येथें विषयांतर होत आहे, परंतु सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. माझें शास्त्राचें शिक्षण मॅट्रिकपुरतें. बाकीचें शिकलों तें जुन्या रेडिओंच्या पोटांतून. प्लग काढला म्हणजे यंत्र निर्जीव झालें अशी माझी समजूत होती. एकदां दिव्यांच्या म्हणजे व्हॉल्व्हच्या रेडिओंत, प्लग काढून ठेवलेला असतांना, डावा हात पत्र्याच्या सांगाड्यावर व उजव्या हाताचें बोट कंडेन्सरच्या टोकावर पडलें. कंडेन्सर म्हणजे लेडन-पात्राचाच वंशज. बंद केलेल्या यंत्रांतही तो आपली ठेव राखून बसतो. मी स्टुलासकट मागें कोसळलों. आवाज ऐकून पत्नीनें आंतून विचारलें, “काय पडलं हो?” मी म्हणालों, “स्टूल घसरलं.” पंधरा दिवसांनीं माझ्या भाच्यानें तोच रेडिओ वाजवून पाहिला, माझ्यासारखाच प्लग काढला आणि आंत हात घातला. बोटाचें टोक भाजण्यावर निभावलें. त्यानें मला इतकेंच विचारलें, “मामा, हें तुम्हांला ठाऊक होतं?” आज घरोघरीं असणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्टींतील कंडेन्सर सुमारें २,००० व्होल्टचा असतो, आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहूं शकतो. त्या चुलीचें झांकण घरीं उघडूं नये, असें मी आतां भेटेल त्याला सांगत असतों. लोक कंटाळतात, कंटाळोत.

दुसरीं दोन घरें रशियांतील सेंट पीटर्सबर्ग शहरीं होतीं. ढगांतील वीज व बाटलींतील वीज एकच, हें सिद्ध करण्यासाठीं उंच लोखंडी सळई उभारावी, असें फ्रँकलिननें सुचविलें होतें. १७५२ च्या १० मे रोजीं फ्रान्समधील मार्ली गांवीं दालिबार यानें उभारलेल्या ४० फुटी सळईवरून ठिणग्या काढण्यांत आल्या. काढणारा होता क्वाफिए नांवाचा एक म्हातारा निवृत्त शिपाई. त्याच्या हातीं दिलेली पितळी तार कांचेच्या बाटलींत बसविलेली होती, आणि तो धरीत होता ती बाटली. ही साधी बाटली ध्यानांत ठेवावी.

पीटर्सबर्गच्या विज्ञानपरिषदेंतील गेओर्ग रिखमान व मिखाइल लोमोनोसॉव हे दोघे प्राध्यापक १७११ सालीं जन्मलेले, एकमेकांचे स्नेही. दोघांनीं आपापल्या घरावर सळया उभारून त्यांची तार घरांत आणली होती. रिखमानला केवळ ठिणगी पाहावयाची नव्हती. त्याला वीज मोजावयाची होती. एका धातूच्या पट्टीजवळ त्यानें सुताचा दोरा सोडला होता. वीज आली कीं दोरा पट्टीपासून दूर सरे, आणि तो किती अंश सरला हें मोजतां येई. मोजणी व्हावी म्हणून तार जमिनीशीं जोडलेली नव्हती. सर्व अनर्थाचें मूळ तेथें होतें. सळई भूमीशीं जोडली तर ती विजेला वाट देते; वाट तोडली तर वीज घरांतच येऊन थांबते, आणि सर्वांत जवळचा मनुष्य हा तिचा पुढचा मार्ग होतो. आकाशांतून पडणाऱ्या विजेचा प्रवाह सामान्यतः ३०,००० अँपियरच्या घरांत असतो, हें ज्ञान त्या काळीं कोणाजवळ असणार?

१७५३ च्या ऑगस्टची ६ तारीख. रशियांतील जुन्या पंचांगाप्रमाणें २६ जुलै. परिषदेची बैठक चालू असतां गडगडाट ऐकूं आला. रिखमान उठून घरीं धांवला आणि चित्र काढावयास सोकोलॉव या खोदकाम करणाऱ्या कलावंतास बरोबर घेऊन गेला. त्याच वेळीं लोमोनोसॉव आपल्या घरीं सळईपाशीं उभा होता; त्याचा हात लोखंडाशीं होता व ठिणग्या तडतडत होत्या. घरचीं माणसें घाबरलीं होतीं. कोबीचें सार निवत चाललें म्हणून पत्नी जेवावयास हांका मारीत होती. वीजही मंदावली होती, तेव्हां तो उठून पानावर बसला. कांहीं मिनिटांतच रिखमानचा चाकर रडत दारांत आला.

रिखमान दोऱ्याचा अंश पाहण्यासाठीं वांकला असतां सुमारें फुटावरून मुठीएवढा निळसर गोळा त्याच्या कपाळावर आदळला व तो तत्काळ गतप्राण झाला. कपाळावर तांबडा डाग उमटला होता, पायांतील जोडा फाटला होता, दाराची चौकट दुभंगली होती. सोकोलॉव बेशुद्ध पडला, परंतु वांचला. क्वाफिएच्या हातांतील बाटली येथें कोणाच्या हातीं नव्हती.

लोमोनोसॉवनें त्याच दिवशीं आपल्या आश्रयदात्यास पत्र लिहून मित्राच्या विधवेस व लहान मुलांस निर्वाहवेतन मिळावें अशी विनंती केली. ही घटना शास्त्राच्या प्रगतीविरुद्ध वापरली जाऊं नये, हीही चिंता त्यांत व्यक्त झाली आहे. नोव्हेंबरांत त्यानें आकाशस्थ विजेवर जाहीर व्याख्यान दिलें.

फ्रँकलिननेंही १७५२ च्या सप्टेंबरांत आपल्या घरावर सळई बसविली होती. तिची तार खालीं विहिरीच्या पंपाच्या लोखंडापर्यंत नेलेली होती, म्हणजे वाट मोकळी होती. परंतु प्रयोगी स्वभाव स्वस्थ बसूं देईना. जिन्यांत त्यानें ती तार तोडून सुमारें सहा इंचांचें अंतर ठेवलें, दोन्ही टोकांस घंट्या बांधल्या आणि मध्यें रेशमी दोऱ्यावर पितळी गोळी टांगली. विद्युन्मय मेघ आला कीं गोळी हेलकावे खाऊन घंट्या वाजवी. एका रात्रीं एका घंटेपासून दुसरीपर्यंत बोटाएवढा जाड पांढरा झोत सारखा वाहत होता, आणि जिन्यांत इतका उजेड पडला कीं पडलेली टांचणी उचलतां आली असती, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

पुढें १७५७ मध्यें तो लंडनला गेला. घरीं पत्नी डेबोरा राहिली, आणि वादळी रात्रीं घंट्या वाजत राहिल्या. आपणांस भीति वाटते असें तिनें कळविलें. १७५८ च्या जून महिन्यांत फ्रँकलिनचें उत्तर गेलें : एका घंटेपासून दुसरीपर्यंत तारेचा तुकडा बांधून टाक, म्हणजे घंटा न वाजतां, तडतडही न होतां, वीज मुकाट्यानें निघून जाईल.