चित्रा नक्षत्रातला १४ ऑक्टोबर

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे दुष्काळापासून सुरुवात करतात आणि बहुधा तिथेच थांबतात. १९७२ची आठवण घराघरांत आहे. पाण्याने केलेल्या नासाडीची नोंद ठेवायची सवय मात्र आपल्याला नाही. म्हणून मी एकच तारीख घेतो : १४ ऑक्टोबर २०२०.

सूर्य १० ऑक्टोबरला चित्रा नक्षत्रात गेला होता. हस्त सरला की पाऊस ओसरतो, हा शेतकऱ्याचा हिशेब. त्या हिशेबानेच सोयाबीन कापून शेतात गंजी लावलेल्या होत्या. १३ तारखेच्या सकाळी बंगालच्या उपसागरातला तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला. एरवी अशा प्रणाली जमिनीवर येताच विरत जातात. ही तेलंगण ओलांडून पश्चिमेकडे सरकत राहिली. हैदराबादेत २४ तासांत सुमारे १९ सेंटीमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, तुळजापूर, लोहारा, उमरगा भागात गंजी वाहून गेल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या शेंगांना कोंब फुटले. त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. पुढे हीच प्रणाली अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावली.

ही वाट नवी नाही. २८ सप्टेंबर १९०८ला, हस्तात, उपसागराकडून आलेल्या अशाच पावसाने मुसी नदीने हैदराबाद धुऊन नेले. हजारो माणसे गेली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले आणि उस्मानसागर, हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. ज्या उस्मान अली खानाचे नाव त्या तलावाला लाभले, त्याचेच या जिल्ह्यालाही लाभले. राजधानीला धरण मिळाले, जिल्ह्याला नाव. थोडे कडवट आहे, पण माझे मत तेच आहे.

जुन्यांना मात्र पाण्याची समज होती. नळदुर्गात बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटात पाणी महाल आहे. जलाशय भरला की जादा पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळते. बंधाऱ्यावर ताण येत नाही. मेडोज टेलर १८५३ नंतर याच नळदुर्गात इंग्रजांचा अधिकारी होता. आज पर्यटक तिथे धबधबा पाहायला जातात. माझ्या मते ते जिल्ह्याचे सर्वांत जुने पर्जन्यमापक आहे : नर-मादी वाहू लागली की वरच्या शिवारात काय झाले असेल ते कळते.

२०२०च्या नोंदी दगडावर नाहीत, फायलींत आहेत. २३ ऑक्टोबरला राज्य सरकारने दहा हजार कोटींची मदत जाहीर केली : पिकांना हेक्टरी दहा हजार, फळबागांना पंचवीस हजार, तेही दोन हेक्टरांपर्यंत. पीकविम्याची अट अशी, की नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी. रस्ते पाण्याखाली, वीज गेलेली. ॲप उघडायचे कुणी? खबर वेळेत आली नाही म्हणून लाखो दावे नाकारले गेले. शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि २०२२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या शिवारात तोवर आणखी एक खरीप काढून झाला होता.