गार्सिया, संत गोन्सालो

(सु. १५५६–५ फेब्रुवारी १५९७). वसईत जन्मलेले कॅथलिक धर्मप्रचारक आणि नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्षींपैकी एक. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. वडील पोर्तुगीज शिपाई, आई कोकणातली. येशूसंघीय धर्मगुरूंपाशी शिक्षण झाल्यावर पंधरा-सोळाव्या वर्षीच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले आणि तेथे सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम करीत असता जपानी भाषेत पारंगत झाले. तथापि संघप्रवेशाची त्यांची विनंती मान्य न झाल्याने ते काही काळ व्यापारात पडले व अखेर मॅनिला येथे फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले.

फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील नेमून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पाठविले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर होते, आणि त्या दरबारी वकिलातीची सारी भिस्त त्यांच्याच जिभेवर होती. धर्मप्रचारकांना हद्दपारीचे १५८७ चे फर्मान कायम असूनही हिदेयोशीने त्यांना राहू दिले; क्योतोत त्यांनी चर्च व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले. वस्तुतः पोपच्या १५८५ च्या आज्ञापत्राने जपान येशूसंघाकडे राखून ठेवलेले होते. येशूसंघीय व फ्रान्सिस्कन यांच्यातील ही उघड चुरस, आणि तिच्या पाठीशी असलेली पोर्तुगीज व स्पॅनिश व्यापारी हितसंबंधांची ओढाताण, ध्यानात घेतल्यावाचून पुढील अनर्थाचा उलगडा होत नाही.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानमधील तोसाच्या किनाऱ्यावर फुटले व त्यावरील माल जप्त झाला. आधी पाद्री पाठवून मागाहून मुलूख घ्यायचा, ही स्पेनची रीत असल्याचे त्याच्या सुकाणूदाराने बोलून दाखविले, असे सांगतात. संतापलेल्या हिदेयोशीने धर्मप्रचारक व त्यांच्या अनुयायांच्या धरपकडीचा हुकूम सोडला; गोन्सालोही पकडले गेले. बंदिवानांचे नाक व दोन्ही कान कापावयाचे होते; अंमलदार इशिदा मित्सुनारीने ते डाव्या कानाच्या तुकड्यावरच भागविले. मग गाड्यांतून त्यांची धिंड काढून ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. मूळच्या चोवीस बंदिवानांत वाटेवर आणखी दोघांची भर पडली. निशिझाका टेकडीवर खिळे न ठोकता, क्रूसाला जखडून, भाल्यांनी भोसकून त्यांचा वध झाला. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. यांपैकी काही तर कोवळी मुले, आणि त्यांची नावे आपल्याकडे क्वचितच कोणी घेतो.

आठव्या अर्बन पोपने १६२७ मध्ये या सव्वीस जणांना धन्य ठरविले व नवव्या पायसने ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. वसईतील एका महाविद्यालयास गोन्सालोंचे नाव आहे.