दगडावरची नावे आणि जात्यावरची गाणी



विहाराच्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की लेणी, शिलालेख आणि सनावळ्या येणार हे वाचक धरूनच चालतो. त्यात वावगे काही नाही. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी आपल्या मावळातली. लोणावळ्याला फिरायला येणारा माणूससुद्धा ती बघून जातो, मग आपण तर इथलेच. पण सदर लेखात लेण्यांच्या जोडीने दुसऱ्या एका ठेव्याचा विचार करायचा आहे. तो म्हणजे आपली गाणी. आपल्या माणसांनी आपली गोष्ट कोणत्या रीतीने सांगितली, आणि सांगणाऱ्याचे नाव मागे राहिले की नाही, हा आपला प्रश्न.

आधी दगडाकडे जाऊ. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा कोरीव खांब, वर लाकडी कमानी. खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. त्यात काय लिहिले आहे? वैजयंतीचा शेठ भूतपाल सांगतो की हे शैलगृह आपण पूर्ण केले आणि साऱ्या जंबुद्वीपात ते उत्तम आहे. धेनुकाकट गावचे यवन खांबांचे दान देतात. त्याच गावचा सुगंधी द्रव्ये विकणारा सिंहदत्त दाराचे दान देतो. तिथलाच सामी नावाचा सुतार, त्याचेही नाव दारापाशी आहे. एका भिक्खुणीच्या दानाचाही लेख आहे. आता बघा, शेठ, परदेशी माणूस, गंधी, सुतार, भिक्खुणी, सगळे एकाच भिंतीवर! दान लहान असो की मोठे, देणाऱ्याचे नाव आणि गाव लिहिले गेले. म्हणून तर आज आपण त्यांना ओळखतो.

भाज्याच्या विहारात कोरीव चित्रांमध्ये नाच आणि वाद्यही दिसते. म्हणजे गाणे-बजावणे इथे तेव्हाही होते. पण ते गाणे काय होते? ते दगडावर उतरले नाही. गाणे हवेत असते, ते विरून जाते.

आता जात्याकडे येऊ. पिठाची गिरणी गावात येण्याआधी पहाटे दळणे हे बाईचे काम. दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचा हात. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. या बसण्यातूनच ओवीची सांगण्याची रीत तयार झाली आहे. ओवी लिहून काढली तर बहुधा दोन लांब ओळी होतात. पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसणारी गोष्ट येते, अंगण, वाट, पाऊस, बाजार. दुसऱ्या ओळीत मनातले येते. मध्ये ‘बाई’ म्हणून समोरचीला साद असते. सगळी कथा एका दमात सांगायची नाही. एक ओवी पुरी झाली की दुसरी, आणि ऐकणारीने मधल्या जागा आपल्या आपण भरायच्या.

दुसरी गोष्ट नात्याची. ओवीत कोणी परका राहत नाही. पंढरीचा विठ्ठलसुद्धा बाईच्या घरातला माणूस होतो. आणि तिसरी गोष्ट, कथा कोणाच्या बाजूने सांगायची. पोथीतले रामायण रामाचे असते. मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बाया मात्र सीतेच्या वनवासाचे गातात. दुःख कोणाला झाले ते त्या विचारतात. याला कोणी मोठे नाव देवो न देवो, ही साहित्याची पक्की जाण आहे.

याच साच्यात पुढे बाबासाहेब आले. त्यांच्यावरच्या ओव्या ठिकठिकाणी मिळाल्या आहेत. साचा तोच, पण नायक बदलला. देवाच्या जागी शिकलेला माणूस आला, आणि बाईने त्याला भाऊ म्हटले. रमाबाई घरचीच झाली. घटनेतले कलम ओवीत सापडणार नाही. पण त्या घटनेने आपल्या उंबऱ्यात काय बदलले ते सापडेल. इतिहासकार सभा मोजतो, ओवी गाणारी बाई सभेहून परतलेल्या घराचे सांगते. दोन्ही मिळून इतिहास पुरा होतो.

ओवी घरात राहिली, जलसा चव्हाट्यावर आला. आधी सत्यशोधकांचे जलसे होते, आणि १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे नाव यात ठळक आहे. जलशाने तमाशाचाच सांगाडा घेतला, गण, गवळण, बतावणी, वग. पण आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी समाजाला आणि पुढाऱ्याला वंदन आले. बतावणीत एक भोळा प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि हसता हसता प्रेक्षकाला कळते की हा भोळा म्हणजे मीच! भाषणात जे ऐकून सोडून दिले जाते ते इथे मनात रुतून बसते. बाबासाहेबांना जलशाचे मोल फार वाटे, असे जुनी माणसे सांगत आली. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. या फडांत बायकांची सोंगे पुरुषच घेत. जात्यावर जी बाई स्वतः बोलत होती, ती मंचावर आली तेव्हा पुरुषाच्या तोंडून बोलली.

त्यानंतर भीमगीत. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या विडंबनातून त्यांची गीतरचना सुरू झाली. सिनेमाच्या चाली लोकांच्या ओठांवर होत्याच. त्या चालींवर नवे शब्द बसवले की गाणे शिकवावे लागत नाही, हे भीमगीतकारांनी ओळखले. ध्रुवपद सोपे, पुन्हा पुन्हा येणारे. कडव्यात रोजच्या जगण्यातले दाखले. आणि शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. वामनदादांच्या गीतात ‘वामन’ येतो तो असा. संतांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येते तीच ही रीत. म्हणजे कार्ल्याच्या सुताराप्रमाणे वामनदादांनी आपल्या कामावर आपले नाव कोरले.

आणि ओवी? तिच्यात भावाचे नाव येते, लेकाचे येते, माहेरच्या गावाचे येते. गाणारीचे सहसा येत नाही. इथेच आपल्या लेखाचा गाभा आहे. ही उणीव ओळखून दोन माणसांनी मोठे काम केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्याच्या डोंगरपट्ट्यातून सुरुवात करून हजाराहून जास्त गावांतल्या लाखभर ओव्या लिहून घेतल्या. ओवीबरोबर ती गाणारीचे नाव आणि गावही नोंदवले. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे काम हाती घेतले. दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्यात दानाची जी रीत होती, तीच त्यांनी गाण्याला लावली असे आम्हांला वाटते.

पण लाखभर झाल्या म्हणून सगळ्या झाल्या असे नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या शेजारच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगाव दाभाड्यात तर त्यांचा बंगलाच होता. त्या दिवसाची तारीख आपण सगळे सांगतो, मुले भाषणात म्हणतात. त्या दिवशी गर्दीत कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईने काय पाहिले, घरी येऊन जात्यावर काय म्हटले, ते आपल्यापैकी किती जणांनी विचारले? तेव्हाची दहा वर्षांची मुलगी आज ऐंशीच्या पुढे आहे. जाते तर कधीच परसात पडले. खुंटा निघाला, ओवी अर्धवट आठवते. एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर शंभर ओव्या जातात.

म्हणून समाजबांधवांना आणि विशेषतः शिकलेल्या मुलामुलींना नम्र विनंती आहे. विहारात एक जाड वही ठेवावी. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर एका आजीला बसवून तिला आठवेल ते गाऊ द्यावे. शब्द सुधारू नयेत, ती म्हणेल तसेच लिहावे. हातातल्या मोबाईलवर आवाजही घ्यावा. आणि सगळ्यात आधी, पानाच्या डोक्यावर, तिचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे.

कार्ल्याच्या दारापाशी सुताराचे नाव आहे. आपल्या विहाराच्या वहीत दळणारीचे नाव असावे, एवढेच.

जयभीम!