शाळा कुणाच्या नावावर? : सेल्माच्या लुथरन कॉलेजचा इतिहास



अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा लढा म्हटला की आपल्यापुढे मार्टिन ल्यूथर किंग येतात, माल्कम एक्स येतात, ब्लॅक पँथर येतात. दलित पँथरचं नाव कुठून आलं हे आपल्या पोरांना पाठ असतं. पण रस्त्यावरच्या लढ्याआधी ५०-५० वर्षं गावागावांत शाळा काढणाऱ्या, वर्गण्या गोळा करणाऱ्या काळ्या बायकांचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. म्हणून आज आम्ही एका छोट्या कॉलेजचा इतिहास मांडत आहोत. अलाबामा राज्यातल्या सेल्मा शहरात ते १९२२ साली सुरू झालं आणि २०१८ साली बंद पडलं. शेवटी त्याचं नाव होतं कॉन्कॉर्डिया कॉलेज, अलाबामा. अमेरिकेतल्या ऐतिहासिक काळ्या कॉलेजांपैकी ते एकमेव लुथरन कॉलेज होतं.

आधी लुथरन म्हणजे कोण, ते पाहू. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिलं, त्याच्या परंपरेतले हे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथे आपली चर्चेस आणि लहान लहान निवासी कॉलेजं काढली. मूळ हेतू धर्मोपदेशक आणि शाळामास्तर तयार करण्याचा. त्यातल्या मिसुरी सिनड या मोठ्या लुथरन संघटनेने आपल्या बऱ्याच कॉलेजांना 'कॉन्कॉर्डिया' हे नाव दिलं.

गुलामगिरीच्या प्रश्नावर हे लुथरन कुठे उभे होते? दोन्ही बाजूंना होते. मिसुरी सिनडचे सर्वांत मोठे नेते सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर यांनी यादवी युद्धाच्या काळात, गुलाम बाळगणं हे बायबलनुसार मुळात पाप नाही, अशी मांडणी केली. ग्रंथ पुढे करून माणसाची गुलामी टिकवणं हे आपल्याला नवीन नाही. दुसरीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रँकियन सिनड नावाच्या लहान लुथरन गटाने १८३९ साली डॅनियल पेन या काळ्या तरुणाला धर्मोपदेशकाची दीक्षा दिली आणि उघडपणे गुलामगिरीविरोधी भूमिका घेतली. पेन गेटिसबर्गच्या लुथरन सेमिनरीत शिकले होते. पुढे ते काळ्यांच्या स्वतःच्या आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमध्ये गेले आणि तिथे बिशप झाले. त्यांच्याच नावाची एक संस्था सेल्मात निघाली, पेन युनिव्हर्सिटी. आपल्या कथेची नायिका तिथेच शिकली.

तिचं नाव रोझा जिन्सी यंग. जन्म १४ मे १८९०, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा ११ महिन्यांनी मोठी. गाव रोझबड, जिल्हा विल्कॉक्स. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. काळी कसदार माती, कापसाची शेती आणि एकेकाळी गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली मोठमोठी मळेवाडी. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली, पण जमीन गोऱ्यांकडेच राहिली. काळी कुटुंबं त्याच जमिनीवर बटईने राबू लागली आणि दुकानदाराच्या उधारीत बुडू लागली. १९०१ च्या राज्यघटनेने मतदानासाठी साक्षरतेच्या आणि कराच्या अटी घातल्या आणि काळ्यांचं मत जवळजवळ संपवलं. मत नाही म्हणजे शाळेवर खर्च करा म्हणून सांगायला आपला माणूस सत्तेत नाही. गोऱ्यांची शाळा नीट चालायची आणि काळ्यांच्या मुलांच्या वाट्याला वर्षातले काही महिने चालणारी मोडकी शाळा यायची.

रोझाचे वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक होते. ती पेन युनिव्हर्सिटीतून १९०९ साली वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. शहरात नोकरी शोधण्याऐवजी तिने १९१२ साली रोझबडला शाळा काढली. पहिल्या दिवशी मुलं होती ७. तीन सत्रांत ती २१५ झाली. इथे सरकार नव्हतं आणि मिशनही नव्हतं. गावातल्या गरीब काळ्या माणसांची वर्गणी होती आणि बाईसाहेबांचं दारोदार फिरणं होतं. हा भाग आम्ही मुद्दाम ठळक सांगतो, कारण अशा संस्थांचा इतिहास पुष्कळदा 'मिशनरी आले आणि त्यांनी शाळा दिली' इथून सुरू होतो. इथे मिशनरी आले तेव्हा शाळा उभी होती.

मग १९१४ साली कापसावर संकट आलं. बोंड पोखरणारा एक भुंगा टेक्सासकडून पसरत अलाबामात पोहोचला. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली बोंडअळी हा वेगळा किडा. पण कापूस गेल्यावर घरात काय होतं, ते यवतमाळ-अमरावतीच्या वाचकाला सांगायला नको. रोझबडच्या पालकांकडे फी द्यायला पैसा उरला नाही. शाळा बंद पडायची वेळ आली.

रोझाने टस्कीगी संस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात लुथरन मंडळींकडे जाण्याचा सल्ला दिला. १८७७ पासून लुथरनांचं काळ्या लोकांमध्ये मिशन चालू होतं आणि त्याचं मंडळ सेंट लुईस शहरात होतं. ऑक्टोबर १९१५ मध्ये तिने त्या मंडळाला पत्र पाठवलं. पुढच्याच महिन्यात बुकर टी. वॉशिंग्टन वारले. याच दिवसांत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. या दोघांची भेट झाली नाही. पण शिक्षणाशिवाय आपल्या लोकांची सुटका नाही, हे एकाच देशात, एकाच वर्षी दोघंही जाणत होते.

मंडळाने निल्स बाक्के या नॉर्वेत जन्मलेल्या धर्मोपदेशकाला रोझबडला पाठवलं. शाळेला पैसा मिळाला, शिक्षक मिळाले. त्याबरोबर अट आली का? उघड सौदा नसेल, पण शाळा आता लुथरन शाळा झाली. १९१६ साली गावात लुथरन मंडळी स्थापन झाली आणि मेथडिस्ट घरातली रोझा स्वतः लुथरन झाली. तिचा तो विश्वास खोटा होता असं आम्ही म्हणणार नाही. पुढची ५० वर्षं ती त्या विश्वासाने जगली. अलाबामात सुमारे ३० शाळा आणि ३५ मंडळ्या उभ्या करण्याचं श्रेय तिला दिलं जातं. एक बाई, चिखलाचे रस्ते आणि गोऱ्या वर्चस्वाचा तो काळ लक्षात घेतला म्हणजे या आकड्यांचं वजन कळतं.

इतक्या शाळा झाल्या की शिक्षक लागतात. बाहेरून किती आणणार? १९१९ साली अलाबामातल्या काळ्या लुथरनांच्या परिषदेने मागणी केली की आमच्या मुलामुलींना शिक्षक आणि धर्मोपदेशक करणारी संस्था इथेच काढा. मागणी खालून आली हे लक्षात ठेवा. त्यातून १३ नोव्हेंबर १९२२ रोजी सेल्मात फर्स्ट अव्हेन्यूवरच्या एका भाड्याच्या घरात पहिले वर्ग भरले. नाव होतं अलाबामा लुथरन अकॅडमी. १९२५ पर्यंत स्वतःच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. तिथलं जगणं साधं होतं. खेड्यातून आलेली बटईदारांची मुलं, वसतिगृह, रोजची प्रार्थना, अभ्यास आणि शिकून झालं की पुन्हा खेड्यातल्या शाळेत मास्तर किंवा मास्तरीण म्हणून जायचं. शिकलेला माणूस समाजाकडे परत गेला पाहिजे, हे तिथे भाषणात सांगावं लागत नव्हतं. संस्थेची रचनाच तशी होती.

रोझा यंग १९४६ ते १९६१ या काळात याच संस्थेत शिकवत होत्या. १९६१ साली इलिनॉयमधल्या एका लुथरन सेमिनरीने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या बाईने मंडळ्या उभ्या केल्या, तिला त्या धर्मसंस्थेत धर्मोपदेशक होता येत नव्हतं. मिसुरी सिनडने मंडळीच्या कारभारात स्त्रियांना मत द्यायची मुभा दिली ती १९६९ साली. तेव्हा रोझा यंग ७९ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी, ३० जून १९७१ ला त्या गेल्या. काळी म्हणून देशात मत नाही आणि बाई म्हणून मंडळीत मत नाही, अशी दुहेरी कोंडी त्यांनी आयुष्याचा बहुतेक काळ सोसली.

देशातल्या मताचं काय होतं? विल्कॉक्स जिल्ह्यात काळे लोक बहुसंख्य, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत एकही काळा माणूस नव्हता. सेल्मातही मूठभरच. २२ जानेवारी १९६५ ला शहरातले १०० हून जास्त काळे शिक्षक नोकरी पणाला लावून कोर्टाच्या पायऱ्यांवर चालत गेले आणि नावनोंदणी मागितली. शिक्षक हा काळ्या समाजातला मानाचा आणि नोकरीच्या भीतीने गप्प राहणारा वर्ग समजला जायचा. तो रस्त्यावर आला तेव्हा शहर हललं. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांवर लाठ्या आणि अश्रुधूर चालला, हे जगाने पाहिलं. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला.

या लढ्यात लुथरन कुठे होते? त्या पुलावरच्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, ६ मार्चला, अलाबामातल्या ७० च्या वर गोऱ्या माणसांनी काळ्यांच्या मतदानहक्कासाठी सेल्मात मोर्चा काढला. त्याचे नेते होते जोसेफ एलवँगर, बर्मिंगहॅममधल्या काळ्या लुथरन मंडळीचे गोरे धर्मोपदेशक. त्यांचे वडील वॉल्टर एलवँगर १९४५ ते १९६३ याच सेल्माच्या लुथरन अकॅडमीचे अध्यक्ष होते. म्हणजे या संस्थेच्या सावलीत वाढलेला एक गोरा मुलगा योग्य बाजूला उभा राहिला. हे मान्य करायला आम्हाला अडचण नाही. पण काळ्यांच्या संस्थेचं प्रमुखपद इतका काळ गोऱ्या माणसाकडे होतं, हेही त्याच वाक्यात सांगावं लागतं.

आणि सर्वांत मोठे निर्णय तर सेल्मातही होत नव्हते. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो इथे काळ्यांसाठी दुसरं लुथरन कॉलेज होतं, इमॅन्युएल. १९६१ साली ते बंद करण्यात आलं. वर्णभेद संपत आला, आता वेगळ्या संस्था कशाला, असा विचार त्या काळात जोर धरत होता. ऐकायला समतेचा, पण बंद होते ती काळ्यांची संस्था.

सेल्मा मात्र टिकलं. १९८१ साली त्याचं नाव कॉन्कॉर्डिया कॉलेज झालं. ज्युलियस जेन्किन्स हे काळे अध्यक्ष १९८० पासून पाव शतकाहून अधिक काळ तिथे होते. त्यांच्या काळात संस्थेला मान्यता मिळाली आणि १९९४ साली ती चार वर्षांचं पदवी कॉलेज झाली. कॅम्पस बदलला. 'हॉर्नेट्स' नावाने खेळांचे संघ आणि बँडपथक निघालं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पोरं इथे आली. त्यातली बहुतेक लुथरन नव्हती. कॉलेज चर्चचं होतं, पण ते खरोखर कामाला येत होतं ते एका गरीब शहराच्या.

इथेच खरी अडचण होती. पैसा ज्याचा, त्याचा हेतू धर्मसेवक तयार करण्याचा. विद्यार्थी ज्यांचे, त्यांची गरज नोकरी आणि पदवीची. गरिबांची मुलं फी किती देणार? काही शे विद्यार्थ्यांवर कॉलेज चालत नाही. माजी विद्यार्थी शिक्षक आणि समाजसेवक, त्यांच्याकडून कोट्यवधींच्या देणग्या कुठून येणार? कर्ज वाढलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झालं की हे सत्र शेवटचं. ९६ वर्षांत पोहोचलेली संस्था एका उन्हाळ्यात संपली.

फक्त वंशभेदामुळे कॉलेज बंद पडलं, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. त्याच कुटुंबातलं पोर्टलंडचं कॉन्कॉर्डिया २०२० मध्ये आणि न्यूयॉर्कजवळचं २०२१ मध्ये बंद पडलं. अमेरिकेतली लहान धार्मिक कॉलेजं सगळीकडेच संकटात आहेत. पण वादळात आधी कोणतं झाड पडतं? ज्याच्या मुळाशी माती कमी असते ते. तिन्हींत आधी पडलं ते काळ्यांचं. दोन-तीन पिढ्यांची संपत्ती नाकारलेल्या समाजाची संस्था पहिल्या धक्क्याला मोडते, यात नवल नाही.

जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. तिकडच्या लढ्याशी आपलं नातं तेव्हापासूनचं आहे. नातं असेल तर तिकडचं अपयशही आपण अभ्यासायला हवं. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेज सुरू केलं. त्यांनी बाहेरची मदत नाकारली नाही. पण संस्था स्वतःच्या सोसायटीच्या नावावर ठेवली. मदत घेणं वेगळं आणि मालकी देणं वेगळं, हा फरक त्यांना कळत होता. रोझा यंग यांच्यापुढे हा पर्याय होता का? १९१५ च्या त्या दुष्काळी गावात नव्हता, असंच आम्हाला वाटतं. म्हणून त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. आपल्यापुढे मात्र आज तो आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे. तुमच्या गावात, तालुक्यात समाजाची शाळा, वसतिगृह, वाचनालय, अभ्यासिका असेल तर जयंतीच्या मिरवणुकीआधी एकदा तिची कागदपत्रं उघडून बघा. जागा कुणाच्या नावावर आहे? विश्वस्त कोण आहेत, त्यात बायका किती आहेत? हिशेब शेवटचा कधी तपासला गेला? अनुदान किंवा देणगी उद्या थांबली तर संस्था किती महिने चालेल? शिकून नोकरीला लागलेले आपले किती लोक दरमहा तिला काही देतात? या प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे नसतील तर आपली संस्थाही दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे, मग फलकावर नाव कुणाचंही असो.

रोझा यंग यांनी ७ मुलांवर शाळा सुरू केली होती, तेव्हा ती त्यांच्या लोकांची होती. आपल्या संस्था शंभराव्या वर्षीही आपल्या लोकांच्याच राहतील, एवढं काम आपल्या पिढीने करायचं आहे.

जयभीम! जय भारत!