मद्रासचें संत अंद्रियाचें मंदिर

मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, येथील एग्मोर स्टेशनापासून थोड्याच अंतरावर उंच मनोऱ्याचें एक शुभ्र ख्रिस्तमंदिर आहे. तें संत अंद्रियाच्या नांवाचें असून लोक त्यास नुसतें 'कर्क' म्हणतात. स्कॉच बोलींत कर्क म्हणजे देऊळ. २५ फेब्रुवारी १८२१ रोजीं तें उपासनेसाठीं उघडलें. प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांनीं तें आपल्यासाठीं उभारलें. परंतु कोणाकोणाची बुद्धि व कोणाकोणाचे हात त्यास लागले, हें ध्यानीं घेतलें म्हणजे तें एकट्या त्यांचेंच, असें म्हणवत नाहीं.

स्कॉटलंडांत सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनंतर रूढ झालेल्या या पंथांत बिशपाचा अधिकार मानीत नाहींत. मंडळीचा कारभार प्रेस्बिटर, म्हणजे वडील, यांच्या सभा चालवितात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत स्कॉच लोकांचा भरणा मोठा होता. १८१३ सालीं कंपनीची सनद नवी झाली, त्यानंतर कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही इलाख्यांस एक एक स्कॉच उपाध्याय मिळाला, आणि तिन्ही ठिकाणीं संत अंद्रियाचीं मंदिरें झालीं. कलकत्त्याचें १८१८ सालीं उघडलें, मुंबईच्या कोटांतील १८१९ सालीं. मद्रासचें सर्वांच्या शेवटीं.

आतां त्याच्या आराखड्याची हकीकत पाहावी. जेम्स गिब्ज हा स्कॉटलंडांतील आबर्डीनचा, रोमन कॅथॉलिक घराण्यांतला. धर्मगुरु होण्याच्या इच्छेनें तो १७०३ सालीं रोमच्या स्कॉच सेमिनरींत दाखल झाला. परंतु लवकरच ती सोडून त्यानें कार्लो फोंताना या शिल्पज्ञापाशीं विद्या संपादिली. पुढें लंडनचें संत मार्टिनचें प्रसिद्ध अँग्लिकन मंदिर त्यानेंच रचिलें. तें १७२६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं त्यानें आधीं गोल मंदिराचे नकाशे काढिले होते. खर्च फार होईल म्हणून ते बाजूस राहिले. १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत मात्र त्यानें ते छापिले. मद्रासच्या कर्कची दर्शनी बाजू, तिचे खांब व मनोरा संत मार्टिनच्या धर्तीवर आहेत, आणि आंतील गाभा गोल आहे. लंडनला जें महाग वाटलें, त्या कल्पनेशीं जुळतें मंदिर एग्मोरला झालें.

हें काम मेजर द हाविलंड या गर्न्सी बेटांतील इंजिनियरानें केलें. ६ एप्रिल १८१८ रोजीं कोनशिला बसली. जमीन ओलसर व भुसभुशीत. मनोऱ्याची उंची तर सुमारें १६६ फूट. तेव्हां त्यानें या देशांत पूर्वापार चालत आलेली रीत पत्करिली. जमिनींत विहिरी उतरविल्या, कोठें १४ फूट तर कोठें ५० फूट खोल, आणि त्यांवर सारा भार ठेविला. विहिरी खणणारे व विटा रचणारे येथलेच कारागीर होते. वाळवीच्या भीतीनें लांकूड टाळून सुमारें ५१ फूट व्यासाचा घुमट विटांनीं वळविला, आणि तो सोळा कॉरिंथियन खांबांवर तोलला. भिंती व खांब शिंपल्यांचा चुना घोटून गुळगुळीत केले. घुमटाचा आंतील भाग निळा असून त्यांत सोनेरी तारे आहेत.

या पंथाच्या उपासनेंत शास्त्रवाचन व प्रवचन यांस मुख्य स्थान असतें. गोल मंदिरांत व्यासपीठापासून कोणीच फार दूर पडत नाहीं. म्हणून ही रचना केवळ शोभेची नसून उपयोगाचीहि आहे.

काळाची गति पाहा. १९४७ सालीं अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली. तींत बिशप आहेत, आणि कर्क आज तिच्यांतच आहे. बिशप न मानणाऱ्यांचें हें मंदिर आज एका बिशपाच्या प्रांतांत मोडतें!

वाचकहो, ज्युबिलीच्या प्रसंगीं आपण देणगीदारांचीं व धर्मगुरूंचीं नांवें आदरानें लिहितों, तें योग्यच आहे. परंतु सेमिनरी सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याचा नकाशा, दूरच्या बेटावरील इंजिनियराचें धैर्य आणि दक्षिणेंतील विहीर खणणाऱ्यांचें कसब, एवढ्यांवर कर्क उभें आहे. मनोरा दुरून दिसतो, विहिरी दिसत नाहींत. आपापल्या मंदिराचा इतिहास लिहितांना पायांत राबलेल्या हातांचीहि कृतज्ञतेनें आठवण ठेवावी, एवढेंच सुचवावेंसें वाटतें.