एक वर्ग, चाळीस पोरं आणि प्रत्येकाचं वेगळं गणित

मंगळवार पेठेतून बोलतोय, त्यामुळं मागं रिक्षाचा हॉर्न किंवा एखाद्या मंडळाचा स्पीकर ऐकू आला तर समजून घ्या. आजचा एपिसोड शाळेवर आहे, पण सुरुवात तालमीपासून करूया.

आमच्याकडं शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान चालत जायच्या अंतरावर आहे, आणि पेठापेठांत तालमी. तालमीच्या हौद्यात कधी बघितलंय का? एकाच मातीत बारा वर्षांचं पोर असतं आणि बावीस वर्षांचा पैलवानही. वस्ताद दोघांना सारखे जोर सांगत नाही. कुणाची पकड कच्ची, कुणाचा दम लवकर जातो, कुणाला आज नुसती माती उकरायला लावायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. सगळ्यांना पाचशे बैठका लावणाऱ्या वस्तादाला लोक येडा म्हणतील. पण शाळेत सगळ्यांना एकच पान, एकाच दिवशी, एकाच वेगानं शिकवलं तर आपण त्याला शिस्त म्हणतो!

तालमीत जे चालतं त्याला शिक्षणशास्त्रात भारी नाव आहे, ‘डिफरन्शिएटेड इन्स्ट्रक्शन’. अमेरिकेत कॅरोल ॲन टॉमलिन्सन यांनी १९९५ साली यावर पुस्तक लिहिलं आणि शब्द जगभर गेला. साधा अर्थ असा, की वर्ग एकच, पण प्रत्येक मूल जिथं आहे तिथून त्याला पुढं न्यायचं. शब्द नवीन आहे, गोष्ट नाही.

दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडं पंतोजींच्या शाळा होत्या. ओसरीत नाहीतर देवळात पंधरा-वीस पोरं बसायची. पाढे एका सुरात म्हणायचे, पण बाकी प्रत्येकाची धूळपाटी वेगळी. कोण मुळाक्षरं गिरवतोय, कोण बाराखडीवर, कोण मोडी वाचतोय. मोठी पोरं लहानांना शिकवायची. ‘इयत्ता’ नावाचा प्रकारच नव्हता. लगेच हळवं व्हायची गरज नाही. छडी होती, पाठांतर होतं, मुली जवळपास नव्हत्याच, आणि ठरावीक जातींच्या पोरांना त्या ओसरीची पायरीसुद्धा बंद होती. म्हणजे वेग ज्याचा त्याचा होता, पण आत यायची परवानगी मोजक्यांनाच.

मग इंग्रजांचं शिक्षण खातं आलं. मुंबई इलाख्यात १८५५ साली. त्यासोबत इयत्ता आल्या, क्रमिक पुस्तकं आली, इन्स्पेक्टर आला. १८६०च्या दशकात खाजगी शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर मिळू लागलं. आता मास्तरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पैसे निकालावर मिळणार असतील तर मागं राहिलेल्या पोराला वेळ देणं हा सरळ सरळ तोट्याचा धंदा! वर्गाला एका वेगानं पळवायची आपली सवय मला तरी तिथूनच आलेली वाटते. खात्याला हिशोब ठेवायला ते सोपं पडत होतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

आता कोल्हापुरात या. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. १९१७ चा एक रुपया, भावांनो! पुढं १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम निघाला. हे सगळं आपण भाषणांत शंभरदा ऐकलंय. पण त्या वर्गात उभ्या असलेल्या मास्तरांचा विचार फारसा कुणी करत नाही. कालपर्यंत समोर सारख्या घरांतली पोरं होती. आता एका चटईवर कुलकर्ण्याचा मुलगा, ज्याच्या घरी पोथ्या आहेत, आणि शेजारी असा मुलगा ज्याच्या सात पिढ्यांना पाटीला हात लावू दिला नव्हता. दार उघडणं हे राजाचं काम होतं आणि त्यानं ते केलं. आत आलेल्या प्रत्येकाला कसं शिकवायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून खरा सुरू झाला.

त्याचं एक जबरदस्त उत्तर कोल्हापूरपासून लांब, ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) मिळालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर. वारली पोरं शाळेत यायची नाहीत, कारण ती गुरं राखायची. यांनी पोरांना नावं ठेवली नाहीत. शाळाच गुरांमागं कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत आणि पोरं दगड, पानं, बिया घेऊन मोजायला शिकतायत. मी ऑफिसात ‘युजर जिथं आहे तिथं जा’ असलं वाक्य असंख्य मीटिंगांत ऐकलंय. खरंखुरं केलेलं मला इथं दिसलं.

आणि आता आपल्या गावची लीलाताई पाटील. जन्म १९२७ चा. कादंबरीकार ना. सी. फडके यांची ही मुलगी. आयुष्यभर शिक्षकांना शिकवलं आणि १९८५ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, लोक पेन्शनचा हिशोब लावतात तेव्हा, कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलं. मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. इंग्रजी माध्यमाची लाट येत असताना, हे लक्षात घ्या. त्यांचं ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’ मिळालं तर वाचा. त्यांच्या लिखाणात मोठ्या थिअऱ्या कमी आणि पोरं जास्त आहेत. मूल चुकलं तर ते कुठल्या रस्त्यानं तिथं पोचलं, हे शोधायची चिकाटी आहे. नंबर काढायची घाई नाही. २०२० मध्ये, कोरोनाच्या गडबडीत त्या गेल्या, तेव्हा बातम्यांत त्यांना मिळायला हवी होती तेवढी जागा काही मिळाली नाही.

हे छोट्या शाळेत जमतं, लाखो पोरांचं काय? याला ‘प्रथम’ संस्थेनं मुंबईच्या वस्त्यांतून सुरू करून एक व्यवहारी उत्तर काढलं. पोराला समोर बसवायचं आणि वाचायला द्यायचं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. जिथं अडकलं ती त्याची पातळी. मग तिसरी ते पाचवीची पोरं दिवसातला काही वेळ इयत्ता विसरून पातळीप्रमाणं गटात बसतात. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी यावर बरीच वर्षं अभ्यास केला, आणि २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागं जे संशोधन होतं त्यात हाही धागा आहे.

आता माझ्या धंद्यातलं. मी दोन वर्षं एका लर्निंग ॲपच्या टीममध्ये कोड लिहीत होतो. जाहिरातीत ‘प्रत्येक मुलासाठी वेगळं शिक्षण’. आतलं लॉजिक असं होतं, की उत्तर चुकलं तर सोपा प्रश्न दाखवा, बरोबर आलं तर अवघड. वाईट नाही, सरावाला चांगलंच आहे. पण बत्तीस अधिक एकोणीसचं उत्तर एकानं एक्केचाळीस लिहिलं आणि दुसऱ्यानं त्रेपन्न, तर ॲपला दोन्ही सारखेच, लाल. पहिला हातचा विसरलाय. दुसरा बोटांवर मोजताना घसरला असेल, किंवा सकाळपासून उपाशी असेल. दोघांना लागणारी मदत वेगळी, आणि ते कळायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

माझी ताई डोंगराकडच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दोन शिक्षक, पहिली ते चौथी. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, मधूनच निवडणुकीचं काम. दोघांपैकी एक जण मीटिंगला गेला की चारही वर्ग एकाच माणसावर. तिला मी टॉमलिन्सनबद्दल सांगितलं तर हसली. म्हणाली, “अरे, चार इयत्ता एका खोलीत असल्या की वेगवेगळं शिकवावंच लागतंय. नाव माहीत नव्हतं एवढंच.” तिच्याकडं एक साधी वही आहे. प्रत्येक पोराला एक पान. कुणाला ‘ध’ आणि ‘घ’ मधला फरक कळत नाही, कोण वजाबाकीत अडलंय, कुणाची आई ऊसतोडीला गेलीय, सगळं पेन्सिलीनं, म्हणजे खोडून पुढचं लिहिता येतं. ॲप तिनंही वापरून बघितलं, तिसरी-चौथीला सरावासाठी ठेवलंय. मला म्हणाली, या वहीचं काहीतरी करून दे, पण मला टाइप करायला लावू नकोस, वेळ नाही.

त्यावर काम चालू आहे. काही जमलं तर पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो.